भावोजींची फुंकर, गोएथल्स पूल आणि सव्वाशे डॉलरचा ब्रेथ ॲनालायझर

तीस डॉलरचा ब्रेथ ॲनालायझर घ्यायचा की सव्वाशे डॉलरचा, याचं उत्तर आधीच देऊन टाकते: तीसवाला घेऊ नका. आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घरात सध्या दोन्ही आहेत. स्वस्तातला नवऱ्याने सेलमध्ये मागवला, दुसरा मी नंतर हट्टाने घेतला. ब्रँडची नावं देत नाही, कारण फरक ब्रँडचा नसून आतल्या सेन्सरचा आहे.

स्वस्तातल्यात सेमीकंडक्टर सेन्सर असतो. त्याला अल्कोहोल कळतं, पण अल्कोहोलच कळतं असं नाही. आमच्या ग्रुपमधली एक मैत्रीण तेव्हा किटो डाएटवर होती. त्या रात्री तिने सोलकढीशिवाय काही घेतलं नव्हतं, तरी यंत्राने तिच्या रक्तातल्या अल्कोहोलचा आकडा ०.०३ दाखवला. किटोवाल्यांच्या श्वासात ॲसिटोन असतो आणि हे सेन्सर त्यालाही भुलतात. ती बिचारी रात्रभर सगळ्यांना ‘मी प्यायले नाही गं’ सांगत फिरली. महागड्यात फ्युएल सेल असतो. प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर अल्कोहोलचं ऑक्सिडेशन होतं, त्यातून बारीकसा करंट निघतो आणि तो मोजला जातो. त्याने तिला स्वच्छ ०.००० दिला. मी औषधांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे, त्यामुळे माझा निकाल तिथेच लागला.

वापरायला सोपा आहे. नळी लावायची, बटण दाबायचं, आकडे उलटे मोजून झाले की एका दमात, न थांबता फुंकायचं. शेवटच्या घोटानंतर पंधरा मिनिटं मात्र थांबावंच लागतं, नाहीतर तोंडात उरलेली दारूच मोजली जाते आणि आकडा भलताच येतो. माउथवॉशचंही तेच. न्यू जर्सीत पोलीस स्टेशनवर खऱ्या टेस्टआधी माणसाला सलग वीस मिनिटं नजरेसमोर ठेवावं लागतं, ते याचसाठी. तिथल्या मोठ्या मशीनला फुंकरही दणदणीत लागते: किमान दीड लिटर हवा, साडेचार सेकंद. साठीपुढच्या बायकांना १.२ लिटरची सवलत आहे, आणि ती राज्याच्या सुप्रीम कोर्टाने २००८ साली दिली. आमच्या छोट्या यंत्राचं एवढ्यावर अडत नाही.

आता मूळ कारण. मराठी घरातल्या पार्टीत वयाने मोठ्या पाहुण्याला ‘तुम्हाला चढलीय, गाडीची चावी द्या’ कोण सांगणार? मी तरी नाही सांगू शकत. यंत्र सांगेल, अशी माझी कल्पना होती. झालं उलटंच. नवऱ्याचे एक जुने मित्र, आम्ही त्यांना भावोजी म्हणतो, राहतात न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्सला. त्यांनी फुंकलं आणि आकडा आला ०.०६२. भावोजी विजयी मुद्रेने म्हणाले, “वहिनी, बघा! ०.०८ च्या आत. निघू?”

इथे या यंत्राची खरी मर्यादा कळते. ते आकडा देतं, पण तो आकडा चालतो की नाही ते तुम्ही नदीच्या कुठल्या काठावर उभे आहात त्यावर ठरतं. न्यू जर्सीत मर्यादा ०.०८, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम. (त्याखाली असलात तरी गाडी झोकांड्या खात असेल तर पोलीस केस करू शकतात, ते वेगळं.) पण एडिसनहून क्वीन्सला जाताना गोएथल्स पूल लागतो, आणि पुलापलीकडे स्टेटन आयलंड म्हणजे न्यूयॉर्क राज्य. तिथे ०.०५ च्या वर गेलात की ‘ड्रायव्हिंग व्हाइल ॲबिलिटी इम्पेअर्ड’ नावाचा वेगळा, धाकटा गुन्हा लागू होऊ शकतो. पहिल्या खेपेला ३०० ते ५०० डॉलर दंड, पंधरा दिवसांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि लायसन्स ९० दिवस सस्पेंड. तेच ०.०८ वर गेलात तर दंड ५०० ते १००० डॉलर, वर्षभरापर्यंत कैद आणि लायसन्स किमान सहा महिने रद्द. आणि अशा वेळी गाडीत सोळाच्या आतलं मूल असेल तर २००९ च्या लिएंड्राज लॉनुसार पहिल्याच वेळी फेलनी, म्हणजे गंभीर फौजदारी गुन्हा. भावोजींच्या मागच्या सीटवर त्यांची नात झोपणार होती.

शिवाय त्यांनी शेवटचा पेग नुकताच संपवला होता. आकडा अजून चढायचा होता. आणि तो पेगही आपला, म्हणजे ६० मिलिलिटरचा. अमेरिकन हिशेबात एक ड्रिंक म्हणजे ४० टक्क्यांच्या दारूचे साधारण ४५ मिलिलिटर. ‘दोनच घेतले’ म्हणणाऱ्या आपल्या माणसाने इथल्या मापाने पावणेतीन घेतलेले असतात. शेवटी वहिनींनी, म्हणजे भावोजींच्या बायकोने, काही न बोलता चावी स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि गाडी चालवली. यंत्रापेक्षा ते जास्त कामाला आलं.

हाच ०.०६२ घेऊन युटाह राज्यात गेलात तर सरळ गुन्हेगार. तिथे ३० डिसेंबर २०१८ पासून मर्यादा ०.०५ आहे, देशात सगळ्यात कडक. आणि पुण्यात असतात तर? मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे इथल्या भाषेत ०.०३. भावोजी दुपटीच्या वर. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, पुढच्या वेळी दोन वर्षांपर्यंत किंवा १५,०००. तिकडे हा कायदा केंद्राचा, त्यामुळे कोल्हापुरात एक आणि बेळगावात दुसरा असं होत नाही. इथे प्रत्येक राज्याचा संसार वेगळा. ०.०८ सुद्धा देशभर एक झालं ते २००० साली केंद्राने ‘नाही केलंत तर हायवेचा पैसा कापू’ म्हटल्यावर.

न्यू जर्सीची एक गंमत सांगते. इथे पहिल्या खेपेचा दारू पिऊन गाडी चालवण्याचा गुन्हा हा फौजदारी नसून वाहतुकीचा गुन्हा मानतात. ज्युरी नाही. ०.०८ ते ०.१० मध्ये सापडलात तर दंड २५० ते ४०० डॉलर, म्हणून लोकांना वाटतं, सुटलो. मग कळतं की तीन वर्षं दरवर्षी १००० डॉलर सरचार्ज आहे, गाडीत इंटरलॉक (फुंकून दारू नसल्याचं दाखवल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणारं यंत्र) बसवायचा आहे, आणि विम्याचा हप्ता वेगळाच. फुंकायलाच नकार दिलात तर तो स्वतंत्र गुन्हा.

आपल्या मुलांनी याहून जास्त घाबरावं ते व्हिसाला. माझा भाचा एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सॉल्ट लेक सिटीत, त्याच युटाहमध्ये शिकतो. २०१५ पासून अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचं धोरण असं आहे की दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली तरी व्हिसा रद्द होऊ शकतो. गुन्हा सिद्ध व्हायची वाट बघत नाहीत. सहसा इथे राहता येतं, पण एकदा भारतात गेलात की नवा व्हिसा, नवी मुलाखत आणि दूतावासाच्या पॅनलवरच्या डॉक्टरकडून तपासणी. एच-वन-बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावाल्यांनाही हेच. बहिणीला हे सांगितलं तेव्हा तिने त्याला यंत्र नको, उबरचं गिफ्ट कार्ड पाठव म्हणून सांगितलं. तिचं बरोबर आहे.

कॅलिब्रेशनबद्दल लिहिल्याशिवाय माझ्याने राहवणार नाही. आमच्या मॉडेलला ते दर वर्षी करावं लागतं, कंपनीकडे पाठवून, आणि त्याचे वेगळे पैसे. लोक हे करत नाहीत. ‘एवढं काय त्यात’ म्हणणाऱ्यांसाठी: न्यू जर्सीत पोलिसांची मशीनं कॅलिब्रेट करताना अल्कोहोलचं द्रावण ३४ अंश सेल्सिअसला आहे की नाही हे प्रमाणित थर्मामीटरने तपासायचं असतं. एका सार्जंटने ती पायरी गाळल्याचा आरोप झाला आणि २०१८ साली राज्याच्या सुप्रीम कोर्टाने २०,६६७ टेस्ट पुराव्यातून बाद ठरवल्या. एक थर्मामीटर! आमच्या लॅबमध्ये ही गोष्ट नव्या पोरांना दाखवून झालीय. सरकारी मशीनची ही कथा, तर ड्रॉवरमध्ये तीन वर्षं पडलेल्या तुमच्या यंत्रावर किती विसंबायचं ते बघा. घरच्या यंत्राचा आकडा कोर्टात तुमच्या बाजूने काही कामाचा नाही, हे धरूनच चाला.

सोबतचं फोन ॲप मला अजिबात आवडलं नाही. ‘इतक्या वाजता तुम्ही शून्यावर याल’ असा अंदाज ते देतं. आपल्या लोकांना अंदाज दिला की ते त्याला मुहूर्त समजतात. ॲप काढून टाकलंय.

मग सव्वाशे डॉलर कशाला घालवले? सकाळसाठी. रात्री चावी घ्यायला वहिनी असतात, सकाळी कोणी नसतं. शरीर तासाला साधारण ०.०१५ एवढंच उतरवतं. कॉफी, अंघोळ, ताक, कशानेही वेग वाढत नाही. रात्री एकला ०.१५ असलेला माणूस सकाळी सातला, झोपून, दाढी करून, इडली खाऊनही ०.०६ वर असतो. त्याला ते जाणवतही नाही. आमच्याकडे मुक्कामी राहिलेल्या एकाला नाश्त्यानंतर फुंकायला लावलं तेव्हा त्याचा विश्वासच बसेना. नाक मुरडत का होईना, दुपारी जेवूनच निघाला. एवढ्यासाठी चार तारे. पाचवा ॲपमुळे कापला.

घेतलात तर जादा नळ्यांचं पाकीट त्याच ऑर्डरमध्ये मागवा, बरोबर येतात त्या पुरत नाहीत. आमच्या निम्म्या नळ्या पाहुण्यांच्या पोरांनी शिट्ट्या म्हणून पळवल्या.