‘होम लोन इन्शुरन्स’ म्हणजे घराचा विमा नव्हे

गृहकर्जाच्या फाइलमध्ये ‘होम लोन इन्शुरन्स’ लिहिलेला कागद दिसला की घराचा विमा झाला, असं बहुतेक कर्जदार धरून चालतात. 22 जुलै 2021 ला चिपळूणमध्ये वाशिष्ठी नदीचं पाणी घरांत शिरलं, तशी वेळ आली की तो कागद बाहेर निघतो. तेव्हा कळतं की विमा घराचा नाही, कर्जदाराच्या आयुष्याचा आहे. कर्जदार हयात आहे, म्हणजे क्लेम नाही. भिंती, कपाटं, फ्रीज यांच्याबद्दल त्या पॉलिसीत एक शब्दही नसतो.

ही फसवणूक कर्ज मंजूर झाल्यावर होते, चेक निघायच्या एक-दोन दिवस आधी. मुद्रांक शुल्क भरून झालेलं असतं, विक्रेता तारखेसाठी मागे लागलेला असतो आणि समोर सह्यांचा गठ्ठा असतो. त्यातच विम्याचा प्रपोजल फॉर्म सरकवलेला असतो. विचारलंच तर उत्तर मिळतं, “विमा कंपल्सरी आहे, नाहीतर डिस्बर्समेंट अडेल,” म्हणजे कर्जाचे पैसे हातात पडणार नाहीत. त्याहून घातक पुढचं वाक्य: “खिशातून काही भरायचं नाही, कर्जातच धरतो.”

कर्जात धरतो म्हणजे काय, ते आकड्यांत बघा. 80,000 रुपयांचा एकरकमी प्रीमियम 8.5 टक्के दराने 20 वर्षांच्या कर्जात मिसळला, तर हप्ता साधारण 694 रुपयांनी वाढतो. 240 हप्त्यांत त्याचे 1,66,000 रुपयांहून जास्त होतात. आणि कर्ज 20 वर्षांचं असताना पॉलिसीची मुदत मात्र कित्येकदा 5 वर्षांचीच निघते. पाच वर्षांनी संरक्षण संपतं, त्याचा हप्ता पुढची पंधरा वर्षं चालूच राहतो.

जीवन विमा घेतल्याशिवाय गृहकर्ज मिळत नाही, असा कायदा नाही. घराच्या इमारतीचा विमा ही अट अनेक कर्जकरारांत असते, पण तो अमुकच कंपनीकडून घ्या अशी सक्ती बँकेला करता येत नाही. “विमा सक्तीचा असेल तर तसं मंजुरीपत्रावर लेखी द्या,” एवढं एकदा म्हणून बघा. कर्जदाराच्या मागे कुटुंबावर कर्ज राहू नये म्हणून जीवन संरक्षण हवंच, पण त्यासाठी साधी टर्म पॉलिसी, म्हणजे ठरावीक मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, वेगळी घ्यावी.

आता खरा घराचा विमा. 1 एप्रिल 2021 पासून सामान्य विमा कंपन्या ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या शब्दांतली पॉलिसी देतात. आग, स्फोट, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणं, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं हे तिच्यात येतं. अशा घटनेनंतर सात दिवसांच्या आत त्याच घरात चोरी झाली तर तीही येते. एरवीची घरफोडी येत नाही, तिच्यासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. हे विकताना कोणी सांगत नाही.

जास्त वाद होतात ते पाण्यावरून. पाइप अचानक फुटून घरात पाणी भरलं तर क्लेम बसतो. वरच्या मजल्याच्या बाथरूममधून महिनोन्‌महिने झिरपणारी ओल, पावसाळ्यात गळणारा स्लॅब, वाळवी हे झिजेत धरलं जातं आणि नाकारलं जातं. विजेच्या उपकरणाचंही तसंच आहे. शॉर्ट सर्किटने फक्त टीव्ही जळला तर त्या टीव्हीचे पैसे मिळत नाहीत. त्यातून आग लागून बाकीचं घर जळलं, तर त्या बाकीच्या नुकसानीचे मिळतात.

विमा रक्कम ठरवतानाही फसवतात. फ्लॅट 70 लाखांना घेतला म्हणून 70 लाखांचा विमा काढायला लावतात. कंपनी देते तो पुन्हा बांधायचा खर्च. जमिनीची किंमत त्यात नसते. कार्पेट एरिया 650 चौरस फूट आणि तुमच्या भागातला बांधकामाचा दर 2,500 रुपये असेल, तर रक्कम होते 16,25,000. त्याहून जास्तीच्या रकमेचा प्रीमियम फुकट जातो. इमारत आणि सामान दोन्हींचं संरक्षण घेतलं, तर सामानासाठी इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, आपोआप धरले जातात. वरच्या हिशेबात 3,25,000. दागिने त्यात नाहीत, ते यादी आणि मूल्यांकन देऊन वेगळे जोडावे लागतात. बँकेमार्फत निघालेल्या पॉलिसीत पुष्कळदा फक्त इमारतच असते, आणि पैसे आधी बँकेकडे जातील असं कलम असतं. म्हणून पॉलिसीतलं शेड्यूलचं, म्हणजे कशाला किती संरक्षण ते लिहिलेलं, पान उघडा आणि ‘सामान’ या ओळीपुढे आकडा आहे की शून्य, ते बघा.

नुकसान झालं तर सर्व्हेअर (विमा कंपनीतर्फे नुकसान तपासणारा) येईपर्यंत चिखलात गेलेलं सामान फेकू नका. पाणी भिंतीवर कुठवर चढलं त्या खुणेचा फोटो मोजपट्टी लावून काढा. कंपनीला त्याच दिवशी कळवून क्लेम नंबर घ्या. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत मागून ठेवा, आग असेल तर अग्निशमन दलाचा दाखला घ्या. सरकारी मदतीसाठी झालेला पंचनामा म्हणजे क्लेम नव्हे, तो वेगळा करावाच लागतो.

गळ्यात पडलेली पॉलिसी जीवन विम्याची असेल तर ती हातात आल्यापासून 30 दिवसांत परत करता येते. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तेवढ्या दिवसांच्या संरक्षणाचा प्रीमियम, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क कापून बाकी रक्कम मिळते. ती कर्जखात्यात जमा झाली की नाही आणि हप्ता उतरला की नाही, हे स्टेटमेंटवर तपासा. मुदत उलटली असली तरी आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, मग विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर किंवा 155255 या क्रमांकावर. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. लोकपालाची कार्यालयं मुंबई आणि पुण्यातही आहेत. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही आणि 50 लाखांपर्यंतची तक्रार चालते. मात्र कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जायला हवं. सक्ती बँकेने केली असेल, तर बँकेला दिलेल्या तक्रारीनंतर 30 दिवसांनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे वेगळा अर्ज करता येतो. “कंपल्सरी आहे” असं सांगणारा मेसेज किंवा ईमेल असेल तर तो त्या अर्जाला जोडा.