संगणकावर चढलेला केसपेपर: बेळगावातील एका खासगी रुग्णालयाची नोंदव्यवस्था

बेळगाव शहरातील एका मोठ्या खासगी रुग्णालयात माझ्या आत्यावर मधुमेह आणि मूत्रपिंडाच्या विकारासाठी उपचार चालू आहेत. तेथील डॉक्टरांच्या उपचारांविषयी माझी तक्रार नाही. या रुग्णालयाने कागदी केसपेपर बंद करून सर्व नोंदी संगणकावर घेण्यास सुरुवात केली, त्या व्यवस्थेचे हे परीक्षण आहे, आणि ते रुग्णाच्या नातेवाइकाच्या बाजूने केलेले आहे. माझे मत आधीच सांगतो. बिल करण्यासाठी ही व्यवस्था उत्तम आहे, तपासण्यांच्या अहवालांसाठी चांगली आहे, पण आजाराचा इतिहास सांभाळण्याच्या बाबतीत तिच्यावर अजून विसंबता येत नाही.

अहवालांची सोय खरोखर वाखाणण्यासारखी आहे. रक्त दिल्यानंतर संध्याकाळी अहवाल मोबाईलवर येतो, त्यासाठी पुन्हा खानापूरहून बस धरावी लागत नाही. सोनोग्राफीची चित्रे थेट डॉक्टरांच्या पडद्यावर दिसतात. मूत्रपिंड किती काम करते हे दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन कसे चढत गेले, याचा आलेख डॉक्टरांनी पडदा आमच्याकडे वळवून दाखवला, तेव्हा पथ्य का पाळायचे हे आत्याला जेवढे पटले, तेवढे आमच्या सांगण्याने कधीच पटले नव्हते.

अडचण नोंदणीच्या खिडकीपासून सुरू होते. येथे खानापूर, निपाणी, हुक्केरी या भागांतून, तसेच सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातील चंदगड आणि गडहिंग्लज तालुक्यांतून रुग्ण येतात. मराठी नाव कानाने ऐकून ते इंग्रजी अक्षरांत टंकले जाते. त्यात कोणी पतीचे नाव लावतो, कोणी वडिलांचे, आणि जन्मतारीख माहीत नसली की अंदाजे वय सांगून १ जानेवारी ही तारीख बसवली जाते. शिवाय मोबाईल क्रमांक बहुधा मुलाचा असतो आणि तो बदलतो. अशा वेळी जुनी नोंद शोधून सापडली नाही की, खिडकीवरची रांग वाढू नये म्हणून कर्मचारी नवा क्रमांक काढून देतो. आत्याच्या बाबतीत हेच घडले आणि एकाच बाईच्या दोन फायली तयार झाल्या. सल्फाच्या औषधाने तिच्या अंगावर पुरळ उठल्याची नोंद जुन्या क्रमांकावर होती; नव्या क्रमांकावर अॅलर्जीचा रकाना कोराच होता. फार्मसीच्या संगणकाने इशारा दिला नाही, कारण त्याच्या लेखी ही रुग्ण वेगळी होती. आत्यानेच ‘ती गोळी मला चालत नाही हो’ असे सांगितले म्हणून निभावले. पुढे दोन्ही क्रमांक एकत्र करून घेण्यासाठी नोंदी विभागात लेखी अर्ज द्यावा लागला आणि त्याचा पाठपुरावाही करावा लागला.

दुसरी गोष्ट वॉर्डात लक्षात आली. सिस्टर साखर, रक्तदाब आणि दिलेले इन्शुलिन आधी आपल्या वहीत लिहितात आणि पाळी संपताना सगळे एकदम संगणकावर भरतात, कारण वॉर्डात संगणक कमी आणि रुग्ण अधिक. पण संगणक आकड्याशेजारी वेळ दाखवतो ती नोंद भरल्याची. सकाळी उपाशीपोटी मोजलेली साखर दुपारी दोनच्या सुमारास मोजल्यासारखी दिसते, आणि इन्शुलिन आधी दिले की साखर आधी पाहिली, हे पडद्यावरून कळत नाही. निवासी डॉक्टर म्हणूनच वही मागवतात. कागद गेलेला नाही. फक्त तो अधिकृत राहिलेला नाही, आणि सिस्टरांचे काम मात्र दुप्पट झाले आहे. मला त्यांचीच सर्वाधिक कीव आली.

डॉक्टरांच्या नोंदी वाचता येतात, हा मोठा लाभ होय. मात्र कालची नोंद उचलून आजच्या तारखेला चिकटवण्याची सोयही त्यातच आहे, आणि ती सढळ हाताने वापरली जाते. पायाची सूज उतरल्यानंतरही डिस्चार्ज समरीत सूज कायम होती. दोष केवळ आळसाचा नव्हे. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, डॉक्टरांनी रुग्णासमोर घालवलेल्या प्रत्येक तासामागे जवळजवळ दोन तास संगणकीय नोंदी आणि टेबलावरच्या कामात जातात, असे आढळले होते. आपल्याकडच्या ओपीडीत तेवढा वेळ आणायचा कोठून? येथे बिलाच्या खिडकीवर प्रशिक्षित माणसे बसवली आहेत, तर तपासणीच्या खोलीत डॉक्टरांनीच टंकलेखन करायचे आहे. पैसा कोणत्या कामासाठी खर्च झाला हे यावरून उमगते.

सीमाभागाला बोचणारी बाब याहून निराळी आहे. आत्या वर्षातले काही महिने चंदगडला मुलीकडे राहते. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले, आणि त्यातील १४ अंकी आभा क्रमांक, म्हणजे रुग्णाच्या आरोग्य खात्याचा क्रमांक, अशा ये-जा करणाऱ्या रुग्णांच्याच कामाचा आहे: नोंदी ज्या त्या रुग्णालयातच राहतात, पण रुग्णाने संमती दिली की दुसऱ्या डॉक्टरला त्या पाहता येतात. या रुग्णालयात मोबाईलवरून कोड स्कॅन केला की आभाच्या आधारे टोकन झटपट मिळते. पुढे तपासणीची कोणतीही नोंद त्या क्रमांकाला जोडली जात नाही. चंदगडच्या डॉक्टरांना दिसते ते शून्य. महाराष्ट्र सरकारने २०२३ साली सीमाभागातील ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा दोन्ही राज्यांत मोठी खडाजंगी झाली होती. रुग्णाबरोबर त्याच्या नोंदी सीमा कशा ओलांडणार, हा प्रश्न त्या गदारोळात कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

एवढे असूनही आम्ही हेच रुग्णालय सोडलेले नाही, कारण उपचार चांगले आहेत. जाणाऱ्यांनी जुना रुग्ण क्रमांक चिठ्ठीवर लिहून सोबत न्यावा आणि नवा क्रमांक काढू देऊ नये. अॅलर्जीची नोंद पडद्यावर आहे की नाही, हे प्रत्येक वेळी विचारावे. घरी सोडताना समरी तेथेच वाचून दुरुस्त करून घ्यावी. संपूर्ण नोंदींची प्रत हवी असल्यास लेखी मागणी करावी. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार ती ७२ तासांत मिळायला हवी. आम्हाला ती मुदतीत मिळाली, मात्र छापील गठ्ठ्याच्या रूपात, आणि चंदगडला आता तोच गठ्ठा उपयोगी पडतो.