झाकणाचे फोटो मागितले, तेव्हाच समजायला हवं होतं

२,८७,४०० रुपये. पावत्या समोर मांडून मी तीनदा बेरीज केली, आकडा तोच येतो. नोंदणी ११,८००. शोध अहवाल २३,६००. पेटंट ५९,०००. 'आंतरराष्ट्रीय पेटंट' १,१८,०००. आणि शेवटी ऑर्डरचं डिपॉझिट ७५,०००. ऑगस्ट २०२४ ते मे २०२५, दहा महिन्यांत पाच हप्ते. पहिल्या चार पावत्यांवर जीएसटी पैशापर्यंत बरोबर लावलेला. त्या नीटनेटकेपणावरच मी गेलो.

हे लिहायला लाज वाटते. पण आमच्या भागात वाइंडिंगवाले, वेल्डर, लेथवाले असे बरेच जण आहेत, जे हाताने काहीतरी नवीन बनवतात. 'पेटंट काढून देतो' म्हणत पैसे उकळणारे लोक आता त्यांच्या मागे लागले आहेत, म्हणून लिहितो.

यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांच्या सीमेवर माझं गाव. आयटीआय झालोय, २६ वर्षांपासून मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. रब्बीत शेतकऱ्यांच्या पाणबुडी मोटरा आणि दिवाळीनंतर जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांच्या. मी अडाणी नाही. मोटर चालू केली की आवाजावरून बेअरिंग गेलं की फेज गेला ते सांगतो. ओटीपी कधी कोणाला दिला नाही, लॉटरीच्या फोनला कधी भुललो नाही. मला पकडलं ते माझ्या कामावरून.

काम ब्रेकचं होतं. जिनिंगमध्ये १७० किलोची रुईची गाठ उचलणाऱ्या होइस्टच्या मोटरला मागून मॅग्नेट ब्रेक असतो. कॉईलला डीसी करंट मिळाला की ती लोखंडी प्लेट ओढते, मधली लायनरची, म्हणजे घासून थांबवणाऱ्या अस्तराची चकती मोकळी होते आणि मोटर फिरते. लाइट गेली की स्प्रिंगा प्लेट दाबतात आणि गाठ हवेतच थांबते. साधी रचना आहे. पण लायनर झिजतं तसतशी कॉईल आणि प्लेटमधली फट वाढत जाते. ही फट मिलिमीटरच्या काही दशांशाची असते. ती दुप्पट झाली की ओढ जवळपास चौथाईवर येते. त्यात आमच्याकडचं व्होल्टेज. ४१५ च्या जागी ३४० आलं की ओढ आणखी तिसऱ्या हिश्शाने कमी. मग प्लेट पूर्ण ओढली जात नाही, ब्रेक अर्धवट धरून राहतो आणि मोटर त्याच्याशी भांडत फिरते. लायनर तापतं, मोटर जळते आणि माझ्याकडे वाइंडिंगला येते. आजूबाजूला उडती रुई असताना लायनर तापणं म्हणजे काय, ते जिनिंगवाल्यांना सांगायला नको.

मालकांना वाटायचं मोटर खराब आहे. एकच मोटर एका सिझनमध्ये तीनदा आली, तेव्हा मी ब्रेक उघडला. फट फीलर गेजने मोजायची तर मागचं जाळीचं झाकण काढा, पंखा काढा, सर्क्लिप काढा. एवढं कोण करतो? सिझनमध्ये कोणीच करत नाही. म्हणून मी असा ब्रेक बनवला की फट बाहेरूनच तीन नटांनी जुळवता येईल. एक पितळी पिन झाकणातून बाहेर ठेवली, लायनर झिजलं की ती आत सरकते. पिन झाकणाशी सपाट झाली की नट फिरवा, एवढंच हमालालासुद्धा सांगितलं की पुरे. रुई आत जाऊ नये म्हणून कडेने रबरी पट्टा लावला. असे तीन ब्रेक २०२३-२४ च्या सिझनला दोन जिनिंगमध्ये बसवले. त्यानंतर लायनर दोन अर्धगोल तुकड्यांत केलं, म्हणजे पंखा आणि हब न काढताच बाजूने बदलता येतं. हे दोन तुकड्यांचं लायनर तोवर कोणाला विकलं नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिथेच सगळं गेलं.

पोळ्याच्या आठ दिवस आधी तो माणूस दुकानात आला. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात पांढरं पाकीट. म्हणाला, जिनिंगमध्ये तुमचा ब्रेक पाहिला, दादा, हे पेटंट होतं. मी त्याला चहा पाजला. २६ वर्षांत माझ्या कामाकडे बघून कोणी असं बोललं नव्हतं. वाइंडिंगवाल्याला लोक फक्त विचारतात, कधी देता आणि किती घेता. नोंदणीचे ११,८०० मी त्याच संध्याकाळी पाठवले.

शोध अहवाल आला तो चाळीस पानांचा, सगळा इंग्रजीत. मी अडखळत वाचला. त्यात कार आणि मोटरसायकलच्या डिस्क ब्रेकची चित्रं होती. फोन केला तर म्हणाला, दादा, तत्त्व एकच असतं. मी गप्प बसलो. आता सांगतो, तुमच्या वस्तूबद्दल अहवालात एकही बरोबर वाक्य नसेल तर पुढचा रुपया देऊ नका. जुनी पेटंटं सरकारी संकेतस्थळावर फुकट शोधता येतात.

आणि मग ते फोटो.

सप्टेंबरमध्ये फोन आला. "पेटंट ड्रॉइंगसाठी फोटो लागतील. समोरून, मागून, डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून आणि एक तिरपा. बॅकग्राउंड पांढरं." मी विचारलं, आतले भाग सुटे करून मांडू का? म्हणाला, "नाही नाही, झाकण लावूनच काढा. आतलं काही नको."

मी अंगणात बायकोची पांढरी चादर अंथरली. ब्रेक ग्रीसचे डाग पुसून चकचकीत केला, झाकण बसवलं, चारही स्क्रू आवळले. सात फोटो काढले, उन्हाची सावली पडते म्हणून दोन परत काढले. बायको दारात उभी होती. म्हणाली, "अवो, झाकण लावून काहून फोटो काढून राह्यले? आत काय हाय ते त्याईले कसं समजंल?"

मी तिच्यावर खेकसलो. तुला काय कळतं त्यातलं, असं म्हणालो. तिला बरोबर कळलं होतं. माझं सगळं काम झाकणाच्या आत होतं. तीन नटांमागची रचना, दोन तुकड्यांचं लायनर, फट, सगळं. झाकण तर मी नागपूरच्या भंगारातून आणलेल्या पत्र्याचं केलेलं, त्यात नवीन काय होतं? एखाद्या शेतकऱ्याने मोटरचा फक्त फोटो पाठवून 'बिघाड सांगा' म्हटलं असतं, तर मी म्हटलं असतं, भाऊ, उघडल्याशिवाय कसं सांगू? आणि स्वतःच्या वस्तूच्या वेळी स्वतःच्या हाताने स्क्रू आवळले. रात्री झोप येत नाही तेव्हा मला ती चादरच दिसते.

जानेवारीत टपालाने सर्टिफिकेट आलं. वर अशोकस्तंभ, 'पेटंट ऑफिस' ही अक्षरं, सही-शिक्का. खाली 'डिझाइन' असा शब्द होता, तो मी वाचलासुद्धा. मला वाटलं, डिझाइन मीच केलं ना, म्हणून लिहिलं असेल. पेढे वाटले, फ्रेम करून दुकानात लावलं. सर्टिफिकेट खोटं नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. ते खरं सरकारी होतं, पण पेटंटचं नव्हतं. डिझाइन नोंदणी ही वस्तूच्या फक्त बाहेरच्या रूपाची असते. २००० च्या कायद्यात स्पष्ट आहे की यंत्राची रचना किंवा ते कसं चालतं हे त्यात येतच नाही. माझ्यासारख्या एकट्या माणसाला त्याची सरकारी फी १,००० रुपये आहे. माझ्याकडून घेतले ५९,०००. म्हणजे माझ्याकडे आता पत्र्याच्या झाकणाच्या आकाराचा दहा वर्षांचा हक्क आहे. आतला ब्रेक कोणीही उद्या जसाच्या तसा बनवू शकतो.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात शिकण्यासारखं कमी आणि चिडण्यासारखं जास्त आहे. 'आंतरराष्ट्रीय पेटंट'साठी बायकोचं सोनं गहाण ठेवलं. असं पेटंट जगात नसतंच. ते देशोदेशी वेगळं घ्यावं लागतं. मग 'कंपनी ५०० ब्रेक घेणार' म्हणून ७५,००० डिपॉझिट, एक नमुना ब्रेक आणि सगळी ड्रॉइंग. या वेळी मात्र आतलीसुद्धा मागितली, आणि मी ती दिली. माल घेणारा माल बनवणाऱ्याकडून डिपॉझिट घेतो, हे कुठल्या व्यवहारात बसतं? आता विचारतो, तेव्हा विचारलं नाही. जूनपासून फोन बंद.

जुलैत नागपूरला एका नोंदणीकृत पेटंट एजंट बाईंकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न केला, "काका, हे विकलंत कधी?" पेटंटचा अर्ज वस्तू विकण्याआधी, उघड करण्याआधी करायचा असतो. पहिले तीन ब्रेक विकून झाले होते, ते तर गेलेच. पण दोन तुकड्यांचं लायनर ऑगस्ट २०२४ मध्ये माझ्या दुकानाबाहेर गेलेलं नव्हतं. त्या दिवशी तात्पुरत्या तपशिलासह अर्ज टाकला असता तर सरकारी फी १,६०० रुपये होती आणि पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळाले असते. मी 'पेटंट होतंय' या भरवशावर दिवाळीनंतर तेच लायनर चार जिनिंगना विकलं. बाईंनी फी घेतली नाही. एजंटांची यादी सरकारी संकेतस्थळावर असते, नाव त्यात आहे का ते बघत जा, एवढं सांगितलं. आणि अर्ज केला असं कोणी म्हटलं तर त्याच्याकडून अर्ज क्रमांक घ्यायचा. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, मग कोणालाही बघता येतो. चार महिन्यांत 'पेटंट' हातात आलं तर कागद नीट वाचा. आमच्या नागपुरातच बौद्धिक संपदेची केंद्र सरकारची संस्था आहे, दुकानापासून एका एसटीच्या अंतरावर. मी तिथे एकदाही चौकशीला गेलो नव्हतो.

आता ज्यांचं काम मदत करणं आहे, त्यांच्याबद्दल.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा गेलो, साहेब बंदोबस्तात. दुसऱ्यांदा गेलो, साहेब मिटिंगमध्ये. तिसऱ्यांदा हवालदारांनी फाइल उलटीसुलटी केली आणि म्हणाले, "कागद तं भेटला ना तुमाले? मंग फसवलं कसं?" मी ब्रेक सोबत नेला होता. टेबलावर ठेवून झाकण काढून दाखवलं, की हे माझं आणि हे झाकण त्यांनी नोंदवलेलं. ते म्हणाले, टेबल खराब होईल, खाली ठेवा. चौथ्यांदा साहेब भेटले. दोन मिनिटांत 'दिवाणी बाब आहे, वकील करा' म्हणून मोकळे. ७५,००० रुपये एका अस्तित्वात नसलेल्या कंपनीच्या नावाने घेतले, यात दिवाणी काय आहे? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे ना? मी कलम बोललो तर 'मग तुम्हीच करा तपास' म्हणाले.

सायबर पोलिसांकडे पाठवलं. तिथे म्हणाले, माणूस समोर भेटला, तुम्ही कुठल्या लिंकवर गेला नाही, म्हणजे हे सायबर नाही. ठाणं म्हणतं पैसे ऑनलाइन गेले, सायबरला जा. सायबर म्हणतं माणूस प्रत्यक्ष आला, ठाण्यात जा. पैसे गेल्यावर मी ४० दिवसांनी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तोवर खातं रिकामं. हा फोन पहिल्या तासात करायचा असतो, तेव्हाच पैसे अडवता येण्याची शक्यता असते. बँकेने सांगितलं, तुम्ही स्वतः पाठवले, आमचा संबंध नाही. उद्योगाच्या कार्यालयात गेलो तर तिथल्या साहेबांनी विचारलं, उद्यम नोंदणी आहे का? आहे. मग अर्ज तीन प्रतींत द्या. दिला. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, विषय या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही. हे पहिल्याच दिवशी तोंडी सांगता येत नव्हतं? माझे फेऱ्यांचे दिवस, बुडालेलं काम, कोण भरून देणार? ज्यांनी लुटलं ते तरी गोड बोलून, चहा पिऊन गेले. इथे मला कोणी बस म्हणायलाही तयार नाही. आणि प्रत्येक टेबलावर तोच चेहरा, की वाइंडिंगवाल्याला कशाला हवं होतं पेटंट.

मला हवं होतं. रात्रीच्या पाळीत गाठ हमालाच्या डोक्यावर सुटू नये, म्हणून बनवलेली वस्तू होती ती. ती माझ्या नावावर असावी असं वाटण्यात काय चुकलं?

ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही तर तक्रार लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी तरतूद आहे. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. मी रजिस्टर पोस्टाने पाठवली, पोचपावती आली आहे. तोंडी तक्रार करून घरी येऊ नका, पोच घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका. पैसे पाठवताना 'कशासाठी' या रकान्यात नेमकं लिहा. माझ्या दोन व्यवहारांत नुसतं 'पेमेंट' आहे, आणि त्याचा फायदा त्यालाच झाला.

तो पांढऱ्या पाकिटाचा माणूस वणी, पांढरकवडा, हिंगणघाट भागात आणखी दुकानांत जाऊन आल्याचं जिनिंगच्या फिटर मंडळींकडून ऐकतो. दोघांनी तर सात फोटो काढून पाठवलेसुद्धा आहेत. तुम्हीही पाठवले असतील तर पुढचा हप्ता थांबवा आणि पावत्या जपून ठेवा. तुमच्या पावतीवर 'सल्ला शुल्क' लिहिलं आहे की 'पेटंट शुल्क', ते बघा. माझ्या पाचही पावत्यांवर 'सल्ला शुल्क' आहे. अधीक्षकांकडे आणखी दोन-तीन तक्रारी गेल्या तर एकट्याची दिवाणी बाब म्हणून कोणाला टाळता येणार नाही. माझ्या तक्रारीची प्रत दुकानात ठेवली आहे, येऊन बघा. फ्रेम भिंतीवरून काढली, तिथे आता दोन तुकड्यांचं लायनर टांगलं आहे.