'फाउंडेशन' आधी की 'फॉरेव्हर वॉर'?

दादरच्या दुकानात भाचा दोन विज्ञानकादंबऱ्या धरून उभा. "मामा, आधी कुठलं?"

आसिमोव्हचं 'फाउंडेशन' (१९५१): आकाशगंगेचं साम्राज्य कोसळल्यावर येणारं ३०,००० वर्षांचं अंधारयुग १,००० वर्षांवर आणायचं, तेही शक्यतो धर्म आणि व्यापाराच्या जोरावर, लढाई टाळून. पट भव्य, पण पात्रं जीव लागायच्या आतच निघून जातात.

हाल्डमनच्या 'फॉरेव्हर वॉर'मध्ये (१९७४) एकच सैनिक शेवटपर्यंत. प्रकाशवेगाजवळच्या प्रवासामुळे त्याची काही वर्षं म्हणजे पृथ्वीवरची शतकं. पहिल्यांदा घरी परततो, तेव्हा काही दशकंच उलटलेली; पण आई थकलेली आणि वयामुळे तिला उपचार नाकारलेले. ते पान वाचून मी लोकलमध्ये पुस्तक मिटून बसलो होतो. लेखक स्वतः व्हिएतनाममध्ये लढलेला.

राज्यं कशी टिकतात याचं कुतूहल असेल, तर आसिमोव्ह. युद्ध माणसाचं काय करतं हे जाणायचं असेल, तर हाल्डमन. भाच्याला मी हाल्डमन घेऊन दिला.