१२ मीटरचा लाकडी जोड-मनोरा: सगळी मदार सांध्यांवर

छोट्या पवनचक्कीला लाकडी मनोरा पेलेल का, ही शंका सोडून द्यावी. स्वीडनमधल्या स्कारा येथे २०२३ मध्ये १०५ मीटरचा लाकडी मनोरा उभा राहिला आणि त्यावर २ मेगावॅटची चक्की आहे. तो पातळ थर चिकटवून केलेला आहे. सुटे भाग जोडून उभारायच्या स्वस्त संचात मात्र साधे कापीव लाकूड आणि नट-बोल्ट येतात. म्हणून लाकडापेक्षा सांधे नीट तपासा.

हाताळणीला हा प्रकार उत्तमच. १०० × १०० मिमीचा ३ मीटर पाइनचा तुकडा साधारण १५ किलो भरतो. चार पायांना असे १६ तुकडे लागतात, आणि अडचणीच्या जागीही ते दोघांना उचलून नेता येतात.

जोडणीआधी ओल मोजा. १८ टक्क्यांच्या वर असेल तर थांबा. ओले लाकूड वाळताना आकसते, बोल्ट सैल पडतात, मनोरा हलू लागतो आणि भोके लांबट होत जातात. एम-१२ (१२ मिमी जाडीच्या) बोल्टला १३ मिमीचे भोक पुरे. ज्या टोकाला ओढ येते तिथून भोक किमान ८४ मिमी आत हवे, नाहीतर टोक रेषेत चिरते. साधे वॉशर लाकडात रुततात. ४० मिमी रुंद, ४ मिमी जाड घ्या. बुरशी-किडीसाठी तांबेयुक्त औषध मुरवलेल्या लाकडात पातळ जस्तमुलामा लवकर गंजून जातो, त्यामुळे बोल्ट गरम जस्तात बुडवलेलेच हवेत. जागेवर पाडलेल्या प्रत्येक भोकात औषध पुन्हा लावा. पहिल्या कोरड्या हंगामानंतर सगळे बोल्ट परत आवळावेच लागतात.

पायाकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. वरच्या टोकाला वाऱ्याचा २०० किलोचा जोर आणि पायांत २ मीटर अंतर धरले, तर कर्णाच्या दिशेने वारा आल्यावर वाऱ्याकडचा एक पाय सुमारे ८५० किलोने वर उचलला जातो. प्रत्येक पायाखाली ०.८ मीटर बाजूचा काँक्रीटचा ठोकळा सुमारे १,२०० किलोचा होतो. त्याहून लहान नको. लाकूड काँक्रीटमध्ये गाडू नका, तळाशी ओल साचून बुरशी लागते. लोखंडी बुटावर (पायाखालच्या बैठकीवर) ते जमिनीपासून उचलून धरा.

सौर पॅनेलला एवढी उंची नको, ३ मीटरचे खालचे दोन टप्पे पुरतात. चक्कीसाठी १ किलोवॅटच्या पुढे हा सांगाडा घेऊ नये. आणि आकाशातून पडलेली वीज लाकडातून नीट जमिनीत उतरत नाही, म्हणून शेंड्यापासून वेगळी तांब्याची तार खाली आणा.