मांडवीच्या तोंडाशी किनारा कुठे थांबवायचा?

ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून काढलेल्या खुल्या नकाशावर, गोव्यातल्या मांडवी नदीचं काम हाती घेणाऱ्याला आधी एक गोष्ट ठरवावी लागते. किनाऱ्याची रेघ नदीत आत न्यायची, की तोंडाशी थांबवून पुढचं पाणी नदी म्हणून दाखवायचं?

आत नेणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. भरतीचं खारं पाणी चोडण-दिवाडी या नदीतल्या बेटांच्याही पुढे चढतं. पण ही रेघ अख्ख्या खंडाभोवती सलग असते, काढताना जमीन डाव्या हाताला आणि पाणी उजव्या हाताला. कुंभारजुव्याचा कालवा मांडवी आणि झुआरी या दोन नद्यांना जोडतो, म्हणून ही रीत शेवटपर्यंत पाळली तर त्यांच्यामधला सगळा तिसवाडी तालुकाच खंडापासून सुटा होतो. मधे एक बिंदू निसटला, तर समुद्र गावांवर पसरलेला दिसू शकतो.

म्हणून मी मांडवीत रेघ रेईश मागूश-मिरामारपाशी थांबवीन आणि आत नदीचं क्षेत्र काढून चोडण, दिवाडी त्यात बेटं म्हणून ठेवीन. झुआरीचं तोंड मात्र उपसागराएवढं रुंद, तिथं रेघ कुठ्ठाळी-आगशीपर्यंत न्यावी.

रेघ कोणत्या पाण्याची, यात मतभेद नको: उधाणाच्या भरतीची सरासरी. उपग्रहाचं चित्र घरबसल्या मिळतं, पण ते ओहोटीचं असलं तर ओली वाळूही जमीन वाटते. किनाऱ्यावर चालून गेलं, की सुकलेलं शेवाळ, काटक्या, नारळाची सोडणं यांची वेडीवाकडी रेघ वाळूवर दिसते. उधाणानंतर दोन-तीन जागी ती जीपीएसनं टिपा, मग चित्रावरून पुढे काढा. खालची वाळू आणि चिखल भरती-ओहोटीचं क्षेत्र म्हणून वेगळे दाखवा, कांदळवन खारफुटी म्हणून.

खाजनात सगळ्यात जपून. ही शेतं भरतीच्या पातळीखाली असतात, बांध त्यांना राखतो. उंचीचे आकडे पाहून कुणी ती पाण्यात टाकतो, पाणी साचलेलं दिसलं म्हणून कुणी तळं करतो. पिढ्यान्‌पिढ्या कोरगूट हे खारं पाणी सोसणारं भात पिकवणारी जमीन अशी एका क्लिकसरशी पुसू नये. पाण्याची हद्द बाहेरच्या बांधावरून न्या, आत शेत दाखवा. आणि बांधावर मानस, म्हणजे पाणी सोडायची झडप, असेल तर तिचा बिंदू टाकाच. ओहोटीला तिची दारं उघडून शेतातलं पाणी बाहेर पडतं, भरती चढली की तीच दारं पाण्याच्या दाबानं मिटतात.