एंटर आणि क्लिक: बटनाकडे लक्ष ठेवायचं की फॉर्मकडे?

मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानासाठी गूळ-नोंदीचा फॉर्म केला होता. शेतकऱ्याचं नाव, रवे (गुळाच्या ढेपा), वजन, दर. ‘जतन करा’ बटनावर क्लिकचा इव्हेंट (काही घडलं की ब्राउझर देतो तो इशारा) लावला आणि दराच्या चौकटीवर एंटरसाठी कीडाउन, म्हणजे कळ दाबताच येणारा इव्हेंट; दोन्हींवर जतनच. घरी सगळं माउसनेच तपासलं. पाडव्याला सौदे सुरू झाले, दिवाणजींनी दर टाकून एंटर मारला आणि एकाच मालाच्या दोन नोंदी पडल्या.

चौकटीत एंटर दाबला की ब्राउझर आपणहून फॉर्ममधल्या पहिल्या सबमिट बटनावर क्लिक करतो. म्हणजे एकदा माझ्या कीडाउनने जतन झालं, लगेच त्या क्लिकने पुन्हा.

म्हणून साध्या फॉर्मसाठी माझं मत स्पष्ट आहे: फॉर्मचा सबमिट इव्हेंट पकडा. माउस, एंटर, मोबाइलच्या कीबोर्डवरचं ‘गो’, सगळं तिथेच येतं. पान रीलोड होऊ नये म्हणून प्रिव्हेंट-डिफॉल्ट (ब्राउझरची नेहमीची कृती थांबवणं) मात्र लागेल. दुसरा फायदा मोठा आहे. रवे भरणं सक्तीचं केलं असेल, तर चौकट रिकामी असताना सबमिट इव्हेंट येतच नाही. क्लिकचा इव्हेंट त्या तपासणीच्या आधी येतो, त्यामुळे तिथे लिहिलेलं जतन रिकाम्या चौकटीसकट होऊन बसतं.

एक जागा जपा. फॉर्ममधल्या बटनाला टाइप दिला नाही तर ते सबमिटच धरलं जातं. ‘रद्द करा’ आधी आणि ‘जतन करा’ नंतर असेल, तर एंटर ‘रद्द करा’ दाबेल. त्याला टाइप ‘बटन’ द्या.

मग कीडाउन कधी? मोठ्या टेक्स्टएरियात (अनेक ओळींच्या चौकटीत), कारण तिथे एंटरने नुसती नवी ओळ येते. आणि दिवाणजींसारख्या माणसांसाठी. टॅलीवर वर्षानुवर्षं काम केलेल्यांचा हात एंटरने पुढच्या चौकटीत जातो, त्यांना टॅब वापरा म्हणून सांगण्यात अर्थ नाही. तिथे कीडाउन लावा, पण आधी इझ-कंपोझिंग, म्हणजे शब्द अजून जुळवला जातोय का, ते तपासा. इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करणारा माणूस सुचवलेला शब्द पक्का करायलाही एंटर दाबतो, आणि ‘पाटील’ पुरतं उमटायच्या आत कर्सर रव्यांच्या चौकटीत गेलेला असतो. दराच्या शेवटच्या चौकटीला मात्र काही लावू नका, तिथला एंटर सरळ सबमिटला जाऊ द्या.